घर बांधण्यापूर्वी करावयाच्या भाषणांविषयी

महाराष्ट्रातील एखाद्या महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत मोठ्या गृहप्रकल्पाच्या जागेचा विषय निघतो, त्या दिवशी प्रेक्षक सज्जात बसलेल्या नवख्या माणसाला आपण भलत्याच सभेला आलो की काय अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कारण चार तासांच्या चर्चेत त्याच्या कानावर कचरा, डास, भटकी कुत्री, मागील सभेचे इतिवृत्त, एका सभासदाचा झालेला अवमान आणि दुसऱ्याचा व्हायचा राहिलेला अवमान असे सर्व काही पडते, परंतु तेथे राहायला येणाऱ्या माणसांच्या घरांविषयी चकार शब्द पडत नाही. याचे खापर सहसा सभासदांच्या बोलघेवडेपणावर फोडले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. घराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने सभागृहाला जवळजवळ दिलेलाच नाही, भूखंडाविषयी बोलण्याची मुभा मात्र सढळ हाताने दिली आहे. तेव्हा जे मिळाले त्याचा पुरेपूर वापर करावा असे सभागृहाला वाटले, तर त्यात त्याचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा वाटा मोठा मानला पाहिजे.

अधिकारांची ही वाटणी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने केली आहे. शहराची साधारण वीस वर्षांची आखणी ज्या नकाशात व अहवालात असते त्यास विकास आराखडा म्हणतात. त्यात कोणती जमीन निवासी, कोणती औद्योगिक, आणि कोणती शाळा, उद्यान, दवाखाना किंवा दहनभूमीसाठी राखलेली हे रंगांनी व खुणांनी दाखवलेले असते, आणि अशा राखून ठेवण्याला आरक्षण अशी संज्ञा आहे. जमीन मुळात निवासी विभागात असेल तर तिच्यावर इमारत उभारण्याची परवानगी कलम ४४ व ४५ अन्वये प्रशासनाकडून, म्हणजे व्यवहारात आयुक्तांच्या हाताखालील बांधकाम परवानगी विभागाकडून मिळते, आणि स्थानिक नगरसेवकाला त्या इमारतीची वार्ता बहुधा पायाच्या खड्ड्यात पाणी लागल्यानंतर लागते. अर्जावर ६० दिवसांत काहीच कळवले नाही, तर तो नियमांत बसत असल्यास परवानगी दिली असे मानावे, अशीही एक तरतूद कलम ४५ मध्ये आहे. परंतु सरकारी कार्यालयाचे मौन ही संमती समजावी ही कल्पना इतकी काव्यमय आहे, की निव्वळ तिच्या भरवशावर कुदळ मारण्याचे धाडस विकासकांच्या जमातीत अभावानेच आढळते.

सभागृहाची खरी पाळी येते ती जमिनीवर आरक्षण असेल तेव्हा. ते उठवून जमीन निवासी करायची तर कलम ३७ अन्वये आराखड्यात फेरबदल करावा लागतो, आणि त्याला अट अशी आहे की या फेरबदलाने आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. एका शाळेच्या जागी चारशे बिऱ्हाडे आली तरी स्वरूप काही बदलत नाही, असे गृहीत धरूनच पुढील सर्व प्रवास सुरू होतो. सभागृहाने ठराव करायचा, नोटीस काढून हरकती व सूचना मागवायच्या, हरकतदारांना सुनावणी द्यायची आणि मग प्रस्ताव राज्य शासनाकडे पाठवायचा, असा हा क्रम असून अंतिम शब्द शासनाचा असतो. म्हणजे खालची परवानगी आयुक्तांची, वरची मंजुरी मंत्रालयाची आणि मधला ठराव तेवढा लोकप्रतिनिधींचा. या मधल्या जागेवरून इमारत उभी करता येत नाही, पण ती रोखून धरता येते.

विषयपत्रिकेवर हा विषय ज्या वेशात अवतरतो तो जवळून पाहण्यासारखा आहे. नमुन्यादाखल त्याचे शीर्षक असे असते: ‘मौजे अमुक येथील स. नं. तमुक, हिस्सा नं. अमुक पैकी क्षेत्रावरील प्राथमिक शाळा व खेळाचे मैदान हे आरक्षण वगळून सदर क्षेत्र निवासी विभागात समाविष्ट करणेकामी कलम ३७(१) अन्वये कार्यवाही सुरू करण्यास मान्यता देणेबाबत.’ या वाक्याला कर्ता नाही, आणि पुढेमागे काही बिनसले तर तो कोणाला सापडू नये हीच त्याची मोठी सोय आहे. विषयासोबत प्रशासनाची जी टिप्पणी येते तिला गोषवारा म्हणतात. पुण्याकडे तिला डॉकेट असेही म्हटले जाते. गोषवाऱ्यात जमिनीचा इतिहास, मालकाचा अर्ज, मोजणीचा नकाशा, आधीचे पत्रव्यवहार आणि नगररचना विभागाचे म्हणणे हे सर्व क्रमाने दिलेले असते, आणि ज्या ठिकाणी वाचकाला प्रशासनाचे मत काय हे कळेल असे वाटते, नेमके त्याच ठिकाणी ‘सबब, प्रस्तावाबाबत मा. सभेने उचित तो निर्णय घ्यावा’ हे वाक्य येऊन गोषवारा संपतो. प्रस्ताव पुढे यशस्वी झाला तर प्रशासनाने तो मांडला होता आणि अंगाशी आला तर प्रशासनाने केवळ सादर केला होता, असे दोन्ही अर्थ त्यातून निघू शकतात. इतक्या थोड्या शब्दांत इतके सुरक्षित राहण्याची हातोटी साहित्याच्या अन्य कोणत्याही प्रकाराला अद्याप साधलेली नाही.

हा गोषवारा आधी समितीपुढे जातो. मुंबईत तिला सुधार समिती, तर पुण्यात शहर सुधारणा समिती म्हणतात. समितीतील पहिली बैठक ‘सभासदांनी गोषवारा वाचलेला नाही’ म्हणून आणि दुसरी ‘सभासदांनी तो वाचला असून जागेची पाहणी करावयाची आहे’ म्हणून पुढे ढकलली जाते. स्थळपाहणी हा सभासदांचा निर्विवाद हक्क आहे. चार मोटारी जागेवर जातात, नकाशा एका मोटारीच्या बॉनेटवर पसरला जातो, कोपरे उडू नयेत म्हणून त्यावर मोबाइल ठेवले जातात, उत्तर दिशा कोणती यावर दोन मते पडतात, आणि नकाशात दाखवलेले मैदान ते हेच काय याची खात्री पलीकडच्या टपरीवाल्याकडून करून घेऊन पाहणी पूर्ण होते.

विषय सर्वसाधारण सभेत पुकारला गेला, की प्रथम त्या शाळेविषयीचा जिव्हाळा उफाळून येतो. ही शाळा नकाशावर वीस वर्षे उभी असते. जमिनीवर मात्र त्या काळात क्रिकेटचे सामने, लग्नाचे मांडव, गणेशोत्सवापूर्वी मूर्तींचे गाळे आणि एरवी मालकाने भाड्याने दिलेला वाहनतळ यांचीच वस्ती असते. या वीस वर्षांत शाळेसाठी अंदाजपत्रकात पैसे ठेवा असे कोणी म्हटलेले नसते, परंतु आरक्षण उठवण्याचा प्रस्ताव येताच गोरगरिबांच्या मुलांनी शिकायचे कुठे हा सवाल एकाच वेळी पाच बाकांवरून उठतो. येथे कायद्याची आणखी एक गोम ध्यानात घ्यावी लागते. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत पालिकेने आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ अन्वये ‘माझी जमीन खरेदी करा’ अशी नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते. याचा अर्थ असा की शाळेवरील प्रेम खरे असेल तर ते मोबदल्याच्या धनादेशाने सिद्ध करावे लागते. त्यासाठी रोख रकमेऐवजी टीडीआर, म्हणजे अन्यत्र बांधकाम करण्याचा वा विकण्याचा हस्तांतरणीय हक्क, देण्याचीही सोय आहे. परंतु पैशाचा किंवा टीडीआरचा उल्लेख निघताच सभागृहातील शैक्षणिक तळमळ एकदम मवाळ होते आणि चर्चा पाण्याकडे वळते.

पाणी हा या सभांचा स्थायीभाव आहे. नागरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे मान देशभर वापरले जाते, आणि प्रत्येक सभासदाला हा आकडा तोंडपाठ असतो, कारण आपल्या प्रभागाला तितके मिळत नाही हे सांगण्यासाठी तो लागतो. आधीच्यांना पाणी नाही तर नव्यांना कुठून देणार, हा प्रश्न बिनतोड आहे, आणि त्याला दृश्य जोड म्हणून रिकामे हंडे सभागृहात आणले जातात किंवा माठ फोडले जातात. यावर ‘प्रशासनाने खुलासा करावा’ अशी मागणी होते. खुलासा करणारे अभियंते उभे राहून जलवाहिनीचे काम प्रस्तावित आहे, निविदा प्रक्रियेत आहे आणि प्राधान्याने करण्यात येईल अशी तीन वाक्ये उच्चारतात, ज्यांपैकी एकही खोटे नसते आणि एकातूनही पाणी येत नाही. पुणे परिसराने या कोंडीतून काढलेला मार्ग प्रसिद्ध आहे: महापालिका पाणी देईपर्यंत रहिवाशांना पाणी आपणच पुरवू, असे हमीपत्र विकासकाकडून लिहून घ्यायचे. परिणामी हमीपत्र दप्तरात जाते, विकासक पुढच्या प्रकल्पावर जातो, आणि सोसायटीच्या दाराशी टँकर येतो, ज्याचे बिल रहिवाशांच्या देखभाल खर्चात पडते.

झाडांचा मुद्दा त्यामानाने नवा, पण शास्त्रीयदृष्ट्या अधिक रंजक आहे. शहरांतील झाडांसाठी राज्यात १९७५ चा स्वतंत्र कायदा असून २०२१ मधील सुधारणेने त्यात असे आणले, की झाड तोडायचे तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत, आणि पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष समजून विशेष संरक्षण द्यावे. झाडांकडे जन्मदाखला नसल्याने वय बुंध्याच्या घेरावरून व जातीवरून काढावे लागते. त्यामुळे विकासकाच्या अहवालातील वड सदतीस वर्षांचा तरणाबांड असतो आणि हरकतदारांच्या निवेदनातील तोच वड पेशवाईतला असतो. वय चोरण्याची हौस केवळ माणसांतच असते हा समज या कागदपत्रांच्या अभ्यासाने दूर होतो.

या सर्व गदारोळात घरे कुठे गेली, असा प्रश्न पडेल. तर लग्नात वधूवर बोहल्यावर ताटकळत उभे असावेत आणि दोन्हीकडची मंडळी मानपानाच्या साडीवरून हमरीतुमरीवर यावीत, तशी त्यांची गत झालेली असते. तसे पाहिले तर बोलण्यासारखे बरेच असते. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली ही २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई व काही मोजके प्रदेश वगळता राज्यभर लागू झाली, आणि तीत घरांच्या आकारापासून मोकळ्या जागेपर्यंत सर्व गोष्टींचे मोजमाप आहे. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा चटई क्षेत्र निर्देशांक, ज्यास बोलीभाषेत एफएसआय म्हणतात, तीत दिलेला आहे. आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर समावेशक गृहनिर्माणाखाली २० टक्के क्षेत्राइतकी लहान घरे अल्प उत्पन्न गटांसाठी बांधण्याची अटही आहे. ही घरे खरोखर बांधली जाणार का, ती कोणाला मिळणार आणि कोणत्या किमतीला, हे प्रश्न सभागृहाने विचारावेत असे आहेत. परंतु ते अधिकार आयुक्तांचे, नियम शासनाचा आणि सोडत म्हाडाची, असे म्हणून सभासद तो विषय सोडून देतात व भटक्या कुत्र्यांकडे परततात, जी निदान प्रभागातली तरी असतात.

हरकती व सूचनांचा टप्पा हा लोकशाहीचा कणा समजला जातो. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्यात कोणीही नागरिक हरकत नोंदवू शकतो. प्रत्यक्षात शेजारच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक मसुदा फिरतो आणि त्याच्या शेकडो प्रती स्वाक्षऱ्यांसह आवक-जावक विभागात दाखल होतात. त्यांत फक्त सदनिका क्रमांक वेगळा असतो आणि शुद्धलेखनाची चूक सर्वांत एकाच ठिकाणी असते. हरकतीत वाहतूक, मलनिस्सारण, पर्यावरण व अग्निशमन यांविषयी सखोल चिंता असते. गच्चीवरून दिसणारी टेकडी दिसेनाशी होईल आणि आपल्या सदनिकेचा भाव उतरेल ही चिंता तीत नसते, कारण ती सुनावणीच्या बाहेर, लिफ्टमध्ये व्यक्त करावयाची असते. लहान घरांच्या २० टक्क्यांविषयी बोलताना मात्र हरकतदार कमालीचे सुसंस्कृत होतात आणि ‘परिसराचे स्वरूप’ या शब्दांपलीकडे जात नाहीत. सुनावणीत ज्याची बाजू कोणीच मांडत नाही असा एकच इसम असतो, आणि तो म्हणजे त्या इमारतीत राहायला येणारा माणूस. तो आज दुसऱ्याच प्रभागात, बहुधा दुसऱ्याच शहरात भाड्याने राहत असल्याने मतदारयादीत त्याचे नाव नसते आणि म्हणून त्याच्याविषयी कोणाला आस्थाही नसते. हाच माणूस पुढे ताबा घेऊन स्थिरस्थावर झाला, की पलीकडच्या भूखंडावरील प्रस्तावाला पहिली हरकत त्याचीच येते. हरकती निव्वळ निष्फळ असतात असे मात्र नव्हे. मुंबईच्या विकास आराखड्याचा फेब्रुवारी २०१५ मधील मसुदा चुकांनी इतका भरलेला निघाला, की नागरिकांच्या हजारो तक्रारींनंतर शासनाला दोनच महिन्यांत तो नव्याने करावयास सांगावे लागले, आणि सुधारून घेतलेला आराखडा सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. म्हणजे नागरिकांचे डोळे नकाशावर असले तर त्याचा उपयोग होतो, फक्त ते स्वतःच्या खिडकीतून न पाहता नकाशाकडे पाहत असले पाहिजेत.

सभागृहाचे सर्वांत प्रभावी अस्त्र म्हणजे तहकुबी, अर्थात सभा किंवा विषय पुढच्या तारखेवर नेणे. तिचे प्रकार अनेक आहेत. थोर व्यक्तीचे निधन झाले असता श्रद्धांजली वाहून सभा तहकूब होते. सभेसाठी आवश्यक किमान उपस्थितीला गणपूर्ती म्हणतात. ती नसल्याचे कोणी निदर्शनास आणले की सभा तहकूब होते, आणि कोणी आणले नाही तर रिकाम्या बाकांच्या साक्षीने ती सुरळीत चालते. आचारसंहिता लागली की विषय थांबतो, विरोधकांनी महापौरांसमोरचा राजदंड पळवला की सभा थांबते, आणि यांपैकी काहीच घडले नाही तर ‘सविस्तर अभ्यासासाठी’ एक महिना मागितला जातो. या महिन्यात अभ्यास कोण कोणाचा करतो, हे सांगणे कठीण असले तरी विकासकाच्या गाड्या त्या काळात बऱ्याच ठिकाणी उभ्या दिसतात आणि चर्चा अधिकाधिक अर्थपूर्ण होत जाते, असा जाणकारांचा अनुभव आहे. बांधकामासाठी घेतलेल्या कर्जावर दिवसागणिक व्याज चढते, आणि ते शेवटी सदनिकेच्या किमतीत मिसळले जाऊन घर घेणाऱ्याच्या माथी बसते. त्यामुळे तहकुबीचा खर्च सभागृहात हजर नसलेल्या त्या एका इसमाकडूनच वसूल होतो.

मग एके दिवशी विषय अचानक मंजूर होतो. सायंकाळचे सात वाजलेले असतात, सभागृहात एखाद्या भलत्याच मुद्द्यावरून घोषणा चालू असतात, नगरसचिव विषय क्रमांक वाचत जातात आणि प्रत्येकापुढे ‘मंजूर’ असा ध्वनी उमटत जातो. मूळ ठरावात दुरुस्ती किंवा भर सुचवणारा मजकूर म्हणजे उपसूचना. तिचा मूळ विषयाशी संबंध असावा अशी अपेक्षा असते, परंतु तसा तो नसला तरी चालवून घेण्याची प्रथा इतकी रुळली आहे की वृत्तपत्रांना अशा उपसूचनांसाठी ‘विसंगत उपसूचना’ ही स्वतंत्र संज्ञा वापरावी लागते. शाळेच्या आरक्षणाच्या ठरावाला अशा प्रकारे दुसऱ्या टोकाचा एक रस्ता, तिसऱ्या टोकाचे एक समाजमंदिर आणि एका चौकाचे नामकरण चिकटते, आणि इतिवृत्तात हे सर्व ‘एकमताने मंजूर’ अशा निर्मळ अक्षरांत नोंदले जाते. पाच वर्षांनी सत्ताधारी व विरोधक बाकांची अदलाबदल करतात. भाषणे मात्र जागची हलत नाहीत, ती त्या त्या बाकाच्या खणातच ठेवलेली असावीत असे वाटते.

एवढ्याने काम झाले असे समजू नये. ठराव कायद्याशी वा लोकहिताशी विसंगत वाटला, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ अन्वये शासन तो स्थगित करून पुढे रद्द करू शकते. या रद्द करण्याला विखंडन असे भारदस्त नाव आहे, आणि त्यासाठी ठराव पाठवण्याचे काम अनेकदा ज्यांच्या गोषवाऱ्यावर तो झाला त्याच प्रशासनाकडून होते. फेरबदलाचा प्रस्तावही मंत्रालयात नगरविकास विभागाच्या टेबलांवरून फिरतो, आणि ज्या सभासदांनी चार सभा गाजवल्या त्यांची मुदत कित्येकदा शासनाची अधिसूचना येण्याआधी संपून जाते.

तहकुबीवाचून कारभार कसा दिसतो, हे पाहण्याची संधीही महाराष्ट्राला मिळाली. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई, पुणे आदी महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान होईपर्यंत बहुतेक शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. आयुक्त हेच प्रशासक असल्याने त्यांनी आयुक्त म्हणून प्रस्ताव सादर करायचा, समिती म्हणून त्याची शिफारस करायची, सर्वसाधारण सभा म्हणून त्यास मान्यता द्यायची आणि पुन्हा आयुक्त म्हणून तो अमलात आणायचा, असा शिरस्ता पडला. इतक्या एकमताने चाललेला कारभार शहरांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. गोषवाऱ्याच्या अखेरीस ‘मा. सभेने उचित तो निर्णय घ्यावा’ असे लिहिणारी व्यक्ती पान उलटून तो निर्णय घेत होती. गणपूर्तीचा प्रश्न एका खुर्चीने सुटत होता. राजदंड जागेवर होता आणि माठ शाबूत होते. मात्र टँकर त्याही काळात येतच राहिले, नकाशावरच्या शाळा नकाशावरच राहिल्या, आणि हमीपत्रांची थप्पी वाढत गेली. फरक पडला तो एवढाच, की पाणी कुठून देणार हा प्रश्न अधिकाऱ्याला भर सभेत उभे करून विचारणारे कोणी उरले नाही. ज्या हंड्यांची इतकी वर्षे टिंगल झाली, ते रिकामे असले तरी निदान वाजत होते.

यावरून सभासदांची भाषणे हीच शहराची नगररचना होय असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्याच्या हाती केवळ अडवणे आहे तो अडवण्यातच प्रावीण्य मिळवणार, आणि ज्याच्याकडून निर्णयाचा हिशेब कधी मागितला जात नाही तो निर्णय सोडून बाकी सर्वांवर बोलणार, हे कोणत्याही सभागृहाला लागू आहे. किती घरे, कोणासाठी, कोणत्या पाण्यावर आणि कोणत्या शाळेच्या भरवशावर, हे ठरवण्याचा अधिकार आणि ते फसल्यास त्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी कायद्याने एकाच ठिकाणी आणल्या, तर कुत्री व डास यांना सभागृहातून काही काळ रजा मिळू शकेल. तोपर्यंत गृहप्रकल्पाच्या विषयात घरांविषयीही थोडी चर्चा व्हावी असे एखाद्या सभासदाला वाटलेच, तर त्याने ती मागणी उपसूचना म्हणून मांडावी. ती विसंगत म्हणून फेटाळली जाण्याचा संभव मात्र त्याने गृहीत धरलेला बरा.